दोनशे ग्रॅम

सकाळी जिथे सुरमईची टोपली होती
त्या काट्यावर संध्याकाळी हर्षाली उभी राहिली.
पंचावन्न, वर दोनशे ग्रॅम.
काट्याला खवलं चिकटलीत, म्हणाली, पुसून काढ.
पुसला. तेवढेच.

उद्या तालुक्याची कबड्डी, दापोलीला.
पंचावन्नच्या वर पोरगी बाद, सरांनी आधीच सांगितलेलं.

रात्री भात नको म्हणाली.
बांगड्याचं कालवण मी झाकलं,
उघडलं, परत झाकलं.
गुडघ्याला हळद, पुढ्यात बीजगणित.
आई, क्षची किंमत काय येईल?
मला पापलेटचा भाव विचार, म्हटलं.
हसली नाही.

पहाटे चारला दोन स्वेटर चढवून
ओहोटीच्या वाळूत पळाली,
बंदर ते पाजपंढरी, तीन फेऱ्या.
मी मागे, तिच्या चपला हातात घेऊन.

गिऱ्हाइकाला मी रोज
दोन मांदेल्या वर टाकते.
आज देवीला म्हटलं,
एवढ्या पोरीला कमी तोल.

सहा दहाची एसटी.
डब्यात चार घावणे,
वजन झाल्याशिवाय उघडू नको.
खिडकीतून हात केला नाही तिने.
मांडीवर वही होती,
झोप लागली असेल.

मी बंदरावर आले.
लिलाव सुरू झाला होता.