कंटिन्युइटी

सेटवर मला नावाने कुणी हाक मारत नसे.
‘कंटिन्युइटी कुठाय?’ अशी आरोळी उठली
की मी वही घेऊन तारामुंबरीच्या वाळूतून पळत सुटायचे.

काम एवढंच :
काल नायकाच्या कुठल्या बाहीवर चिखल होता,
एकसष्ट सालातल्या कंदिलाची काच
कुठल्या अंगाने तडकलेली,
आणि दीपगृहाच्या जिन्यातून तो आमच्या काळात परत उतरला
तेव्हा त्याचं घड्याळ किती मिनिटं मागे होतं.

मालिकेत एक बोट बुडायची होती.
नायक दर आठवड्याला मागे जाऊन तिला अडवायचा.
नांगर लपवायचा, तांडेलाला दारू पाजायचा,
एकदा तर त्याने वल्हीच जाळली.
बोट तरी निघायची.
आणि दर खेपेला इकडे भलतंच काही होऊन बसायचं :
बायको मावशी व्हायची,
जिला सासू म्हणून वाकून नमस्कार केला
ती त्याचीच मुलगी निघायची.
मी घरी भिंतीवर खिळे ठोकून
जाळ्याच्या दोऱ्याने ही सगळी नाती जोडली होती.
आई बघून म्हणाली,
‘ह्येच्यात बांगडो सुदीक गावाचो नाय.’

सटवाई सहाव्या रात्री येते, एकदाच लिहून जाते.
आमचा लेखक रोज रात्री अकराला लिहायचा
आणि सकाळी खोडायचा, फोनवर.

त्रेचाळिसाव्या भागाला
बुडणाऱ्या बोटीत बसायला सहा खलाशी हवे होते.
रोजचे आठशे, वर जेवण.
यादीत पाचवं नाव माझ्या बाबांचं,
सहावं पुरशाकाकाचं.

एकोणीस वर्षं.
लाँचचं इंजिन कुणाच्या पैशाचं, एवढ्यावरून
एकाच विहिरीवर दोन रहाट.
काकाची तुळस आमच्या खिडकीतून दिसते
म्हणून खिडकीला फळ्या मारलेल्या.
काकीच्या बाराव्याला बाबा दुपारभर जेटीवर उभे होते,
घरात गेले नाहीत.

दिग्दर्शकाला यातलं काय ठाऊक.
चेहरे जुळतात म्हणून त्याने दोघांना शेजारी बसवलं.
‘तुम्ही भाऊ आहात,’ तो समजावत होता,
‘आज शेवटचे निघालाय. ते तुम्हाला माहीत नाही.
याने विडी अर्धी ओढून त्याला द्यायची.
बोलायचं काही नाही.’

बोलायचं नाही, हे दोघांनाही पाठ होतं.

सहा वेळा ते एकसष्ट सालातून निघाले.
सहा वेळा मी सारख्या लांबीची विडी दिली,
बोटाच्या पेरावर मोजून.
बाबा ओढायचे, काका खाडीकडे बघत घ्यायचा.
कधी ढग आला, कधी आजचा फायबरचा पडाव
घरघरत मागून घुसला.
आणि पाणी चढत होतं.
वहीत मी लिहीत होते : टेक चार, तिसऱ्या फळीपर्यंत.
टेक सहा, पाचव्या.
भरतीला मी काय सांगणार, कालच्यासारखी ये म्हणून?

सातव्याला लाट काठावरून आत आली.
काका, कॅमेऱ्याकडे पाठ, विडी हातात,
म्हणाला :
‘हय सरक मरे, थंय भिजशीत.’
बाबा सरकले.

‘कट! संवाद नाहीये इथे!’
मी लिहिलं : टेक सात, बाद.
कारण, माणूस जागेवरून हलला.

पुढच्या सोमवारी वाहिनीने मालिका बंद केली.
बोटीचं काय झालं, मुलगी कुणाची,
लेखकालाही ठरवायला वेळ मिळाला नाही.
नायक जिन्यातच राहिला असेल कुठेतरी, मधल्या पायरीवर.
बाबा आणि काका त्या दिवशी
दोन वाटांनी घरी आले.
खिडकी आहे तशीच आहे.

साउंडवाल्या मुलाने जाताना मला ते चार सेकंद पाठवले.
वाराच जास्त आहे त्यात.
कुणाला ऐकवले नाहीत.
घरात कुणी नसलं की कधीतरी मी मागे जाते,
अडवायला नाही,
बाबा सरकतात तेव्हा खालची फळी कुरकुरते का,
तेवढं ऐकायला.

कुरकुरते.