एकशे बारा, चौऱ्याहत्तर

आपिआओ बेटावरून ओर्तेन्सिया बार्रिया आली,
बटाट्यांच्या पोत्यांमध्ये घोंगडीत गुंडाळलेली मोटार घेऊन,
आणि सोबत मुलगा, दानिलो, दहा-अकराचा,
जो दारातच थांबला.
"तापते," ती म्हणाली. "आणि ओढत नाही.
ओहोटी लागली की जागच्या जागी."

पंचवीस घोड्यांची, दोन सिलिंडरांची, शहाऐंशी सालची.
मीच विकली होती बेलार्मिनोला,
आणि मीच शिव्या देत तीनदा उघडली होती.
तो मे महिन्यात गेला. समुद्रात नाही
(सगळे विचारतात, म्हणून सांगतो),
कास्त्रोच्या इस्पितळात, लोखंडी पलंगावर.

टोपणाची कडी त्याने तारेने बांधलेली.
तार तोडली, भंगाराच्या डब्यात टाकली.
आत, वरच्या सिलिंडरच्या माथ्यावर
रंगाला फोड आलेले, पापडाला येतात तसे.
दोन्ही प्लग काढून खिडकीत धरले.
खालचा तपकिरी, चहाच्या डागासारखा, समाधानी.
वरचा पांढराफटक,
त्यावर मोहरीहून बारीक चकचकीत कण.
ते ॲल्युमिनियम. पिस्टन
स्वतःलाच थोडा थोडा थुंकत होता.

मग दाबमापक लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा, चार वेळा दोरी.
खाली एकशे बारा.
वर चौऱ्याहत्तर.
पुन्हा ओढली. चौऱ्याहत्तर.

घाई असलेला माणूस इथे हेड उघडतो.
मी प्लगच्या भोकातून एक चमचा तेल सोडतो
आणि परत ओढतो.
काटा अठ्ठ्याण्णववर गेला.
म्हणजे गॅस्केट नाही. गॅस्केटला तेलाची लाच चालत नाही.
रिंगा. खाचेत काजळी धरून रुसून बसलेल्या.

पण तापली का?
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणावं,
तर इथे पाणी पोचतच नव्हतं.
खालचा पाय सोडवला. पंपाचं रबरी चाक:
सहा पाकळ्यांतल्या दोन शाबूत,
दोन वितळून भिंतीला चिकटलेल्या,
दोन बेपत्ता.
समुद्र असं करत नाही. वाळू झिजवते, मीठ चोंदवतं.
वितळायला कोरडं लागतं.
मी मान वर न करता विचारलं,
"जमिनीवर कोणी चालू केली होती?"

ओर्तेन्सिया म्हणाली, छे.
दारातून काही आलं नाही.
चुलीतलं लाकूड एकदा फुटलं.
मग: "थोडाच वेळ. आई कालवं काढायला जायची तेव्हा."
"कशाला रे?"
त्याने रबरी बुटाने उंबरा घासला.
"ऐकायला."

मी चिमटा घेतला आणि बेपत्ता पाकळ्या शोधायला लागलो.
एक नळीच्या वळणात सापडली,
दुसरी थर्मोस्टॅटच्या तोंडात अडकून.
बराच वेळ लागला, आणि कोणी मला घाई केली नाही.

नवं चाक पोर्तो मोंतहून यायला पाच दिवस.
तोवर वरचा सिलिंडर भिजत ठेवला,
रोज सकाळी फ्लायव्हील बोटभर फिरवत,
चौथ्या दिवशी रिंगा सुटल्या. वर एकशे पाच.
खाली तेच.
कडीला नवा स्क्रू बसवला, त्याचे पैसे लावले नाहीत.

शनिवारी पिंप पाण्याने भरलं
आणि दोरी दानिलोच्या हातात दिली.
तिसऱ्या ओढीला धरली.
बाजूच्या भोकातून करंगळीएवढी धार सुटली,
मी तिच्यात हात धरला, कोमट.
ओर्तेन्सिया पदराआडून नोटा मोजायला लागली नाही,
तिने त्या आधीच मोजून बुटात ठेवल्या होत्या.
मुलगा डोकं कलतं करून ऐकत होता.
मग त्याने बटण दाबलं.
"ही ती नाही," तो म्हणाला.

सांगता आलं असतं,
आता ती आहे त्याहून चांगली आहे.
एकशे बारा, एकशे पाच, धार बघ.
मी भंगाराचा डबा उपडा केला.
तार होती अजून, गंजलेली, त्याच्या हातचा पीळ तसाच.
नवा स्क्रू काढला. तार ओवली. टोपण दाबून बघितलं.

"ओढ."
खडखडली.
त्याने मान हलवली.
"अजून थोडी सैल."