अडतीस नंबर

फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते.
"सायेब, दार बंद हाये
अन् मशीन म्हणती उघडं."
दिवसातून तीनदा, कधी पाचदा,
टूल कापत असतानाच उभं राहतं,
शाफ्टवर चरा उठतो, शाफ्ट भंगारात.

बदनापूर ओलांडलं तेव्हा
जालन्याच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड
आभाळाच्या कडेला लागला होता.

गाळ्यात मुंजाजी एकटा, बनियनवर.
टेबलफॅन मशीनच्या पॅनलकडे तोंड करून,
स्वतःकडे नाही.
"सॉफ्टवेअरच गेलं असंल," तो म्हणाला.
सगळे तेच म्हणतात.
डोळ्यांना दिसत नाही त्याच्या डोक्यावर
खापर फोडायला सोपं जातं.

स्क्रीनवर लॅडर उघडली.
दाराची ओळ उजळ. म्हणजे बंद.
मी दार सताड उघडलं.
ओळ तरीही उजळ.
हे कामून?
पॅनलच्या कुशीत थाप मारली,
ओळ एकदा मिचकली, पुन्हा उजळली.
सॉफ्टवेअर बिचारं
कानावर आलं तेच सांगत होतं.

आत तेलकट काळी धूळ, पालीची दोन अंडी
आणि नंबर पुसलेल्या वायरींचं जावळ.
नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत,
नेमकी हवी ती घडी उंदरानं खाल्लेली.
मीटर लावला. सदतीसला चोवीस व्होल्ट.
अडतीसला चोवीस.
थाप.
अडतीसला शून्य.
मग पुन्हा चोवीस, काही झालंच नाही असं.

दाराच्या स्विचकडे जाणारी वायर
वाटेतच कापलेली, तोंडाला टेप.
आणि सदतीस ते अडतीस
वीतभर निळा तुकडा, थेट जोडलेला.
दार असो नसो, तो मशीनला सांगायचा
बंद आहे, बंद आहे.
सांगून सांगून त्याचा स्क्रू ढिला झालेला.

टेप पिवळी. दोन वेढे,
टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाला नखानं सुटावं म्हणून.
असं टोक दुमडणारा
वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत
मला एकच माहीत आहे.

आठ वर्षं झाली. दसऱ्याच्या आदला आठवडा.
बियाणं चाळायच्या यंत्रांचे शाफ्ट,
बाहेर ट्रक उभा, काबरा शेठ घड्याळ बघत,
स्विच फुटलेला, दुकानं बंद.
"तात्पुरतं करून देतो. उद्या नवा लावतो."
त्या उद्याचे तीनशे रुपये
मी आगाऊ घेतले होते.

मुंजाजी टॉर्च धरून उभा.
उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच.
मघाशी चहा घेताना दिसलं नव्हतं.
मीटरच्या आकड्यांवरून नजर न काढता
मी विचारलं, "हे... इथंच?"
"हे व्हय? न्हाई वो.
ल्हानपणी, कडबाकुट्टीत. मंठ्याला.
हिनं कधी ओरखडा काढला न्हाई,
लई गुणाची हाये."

मी श्वास सोडला.
सोडला, आणि त्याचीच लाज वाटली.
एका पोराचं बोट
मी यायच्या कितीतरी आधी गेलं होतं,
म्हणून मी सुटलो.

तीन वाजता नवा स्विच बसला.
दार उघडलं, स्पिंडल थांबला.
लावलं, फिरला.
मुंजाजीचं तोंड उतरलेलं:
"दर नगाला धा सेकंद जास्तीचे जाणार.
शेठ बोंबलतील."
"बोंबलू दे. माझं नाव सांग."

बिलावर लिहिलं, वायरिंग दुरुस्ती.
मजुरी: रेघ.
वजा तीनशे.
हे कशाचे, ते लिहायला रकाना नव्हता.

परतताना टपरीवर सुट्टे काढले
तर नाण्यांबरोबर निळा तुकडा बाहेर आला.
"टाकून देऊ का?" पोरगं म्हणालं.
नको.
चहा निवत होता. पावतीच्या मागे
आठवतील तसे लिहीत गेलो:
चिकलठाण्याला एक.
वाळूजला दोन. नाही, तीन.
पैठण रोडला ते बंद पडलेलं युनिट,
त्याचं मशीन लिलावात
कुणी नेलं असेल?