सातवी खुर्ची

तासगाव कोर्टाच्या फाटकाशी
तेवीस वर्षं मी लोकांचं म्हणणं टाइप करते.
पानाला दर ठरलेला. गप्प बसण्याचे पैसे नाहीत.

काल ओहायोहून केतकीचा फोन:
आत्या, ज्युरीत होते मी. बाराजणांत सातवी खुर्ची.
संपला खटला, म्हणून सांगते.
तो पोरगा चार दिवस एक शब्द बोलला नाही.
जज म्हणाल्या, त्याच्या गप्प बसण्याचा
काहीही अर्थ काढायचा नाही.
नाही काढला आम्ही. पण फार जड गेलं गं.

मी रिबन बदलत होते. बोटं काळी.
आठवला सावळजचा तो, विहिरीवरच्या मोटारीच्या केसमधला,
याच पायरीवर, हातात बेडी,
आणि चहावाल्यापासून सगळे म्हणालेले,
गप्प आहे, म्हणजे यानंच नेली.
मीही मान हलवली होती.
दीड वर्षानं सुटला.
नकलेचा अर्ज माझ्याच मशीनवर.
'निर्दोष' मधला नि ऱ्हस्व की दीर्घ,
एवढंच बघितलं मी.

आत पुकारा झाला. तीनदा.
समोरची बाई पदर चाचपत विचारते,
ताई, काय सांगू?
म्हटलं, बसा. पाणी घ्या आधी.
नसेल सांगायचं
तर नका सांगू.