फुटामागे एक सूत

अण्णांच्या पट्टीवरचा फूट
बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
ओतलेलं बीड निवताना आटतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच तेवढा वाढवून करायचा.
उद्यमनगरात हे शेंबडं पोरही सांगेल.
मला कळलं ते गाडीमुळं.

पंपाच्या कामातनं उरलेली शिवणीची फळी.
"सागाला लई माज," अण्णा म्हणाले, "शिवण ऐकती."
आणि रंधा असा चालवला
की भुसा नाही, फितीच पडल्या,
मी त्या कानात अडकवून शाळेला गेले.

बेअरिंगं मेहबूब शिकलगारांनी दिली, बासष्ट-शून्य-पाच,
चारातली दोन कुरकुरणारी.
रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली.
सकाळी ग्रीस तळाशी, काळ्या सायीसारखं.
"आता तेल?" मी विचारलं.
"तेल धूळ धरतंय."
मग फौंड्रीतली ग्राफाइटची पूड,
चिमटीनं, अंगारा लावावा तशी.
आठ दिवस माझ्या वहीच्या पानापानावर
माझाच अंगठा.

आस लेथवर फिरवला,
पॉलिशपेपर, मग चिंधी, मग नुसता तळवा.
"हाताला लागलं तर चाकालाबी लागणार," शिकलगार म्हणाले.
पुढचं डावं चाक केसभर वर ठेवलं,
तीन चाकं पळणार, चौथं नुसतं सोबतीला.
आणि बसायच्या जागेखाली फुटक्या फ्लायव्हीलचा तुकडा,
मागं, पण अगदी मागं नाही,
नाहीतर नाक उचलून गाडी आभाळ बघत बसती.

"बसणार कोण?"
भाऊ तापानं फणफणलेला.
"मी बसतो," मी म्हणालो.
अण्णांनी माझ्याकडं बघितलं,
मग फ्लायव्हीलचा आणखी एक तुकडा शोधायला लागले.
माझं वजनच नव्हतं.

टेंबलाईचा उतार, रविवार, उन्हं यायच्या आत.
शेजारी टिंबर मार्केटच्या सर्जा पोवारची गाडी,
सागवानी, लाल, नाकावर वाघ.
आमची बिनरंगाची,
अण्णांच्या पेन्सिलीच्या रेघाही पुसल्या नव्हत्या.
खाली कृष्णात दूधवाला खडूच्या रेघेशी
रस्त्यावर पालथा झोपलेला, एक डोळा मिटून,
किटल्या सायकलला तशाच लटकलेल्या.

सुटलो.
बेअरिंगांचा आवाज आधी दातांत येतो, मग कानात.
डांबर पोटाखालनं ओढलं जातंय असं वाटलं,
वेणी सुटली, वाघ शेजारी होता,
मग नव्हता, मग परत होता.
रेघ मला दिसलीच नाही.
कृष्णात उठून ओरडला, "पोरगी! अर्ध्या इंचानं!"

पोरं नाचली. सर्जानं माती लाथाडली.
अण्णा उतार उतरून आले, सावकाश,
गाडीपाशी उकिडवे बसले,
खिशातली पट्टी काढून लावली,
मग सर्जाच्या बापाची घेऊन तीही लावली.
"चार फुटाला चार सूत," म्हणाले.
"अर्धा इंच आमचा न्हाई, पोवार. त्यो आटायचा व्हता.
लाकूड आटत न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई.
बरोबरीत सुटली म्हणा."

मी चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी.
पाचव्या दिवशी त्यांनी सर्जाची चाकं उतरवून
रॉकेलमध्ये टाकलेली बघितली,
आणि आणखी चार दिवस बोलले नाही.

आता त्यांचा सदरा खांद्यावरून उतरतो.
पट्टी माझ्याकडे आहे, आकडे अंगठ्यानं झिजलेले.
खिडक्या मी टेपनं मापते
आणि कापड त्या पट्टीनं कापते, चूक माहीत असून.
माझ्या घरातले सगळे पडदे
जमिनीवर बोटभर लोळतात.