सव्वीस मेगाहर्ट्झ

सोहार बंदरामागे, भंगाराच्या ढिगांपलीकडे
आमची पत्र्याची खोली.
आत एक यंत्र. त्याचं काम एवढंच,
भंगारात चुकून आलेला किरणोत्सारी तुकडा
फाटकावरच ओळखायचा.
त्याचं बोलणं फार हळू. मुंगी खोकल्यासारखं.

आणि माझं काम, त्याच्या कानाशी गोंगाट करणं.

केबलभोवती क्लॅम्प अडकवते,
दीडशे किलोहर्ट्झपासून चढत जाते.
दर पायरीवर तीन सेकंद. आकडा बघायचा, वहीत लिहायचा.
पाच, ठीक. अकरा, ठीक. एकोणीसला जरा हललं, सावरलं.
सव्वीसला ओरडायलाच लागलं.
समोर बिजॉयचा चहाचा कप होता,
आणि भिंत.

"खोटारडं," बिजॉय म्हणाला.
खोटारडं नाही रे. आपण जे टोचलं
ते त्यानं खरं मानलं, इतकंच.

इंजेक्टर बंद केला. तरी अधूनमधून
एखादा आकडा पडतच राहिला, रात्री दीडपर्यंत.
शेवटी कळलं : फाटकावरचा शेर जमान
स्वस्तातल्या चार्जरवर रेडिओ लावतो,
स्वातच्या बातम्या ऐकायला.
खमीससाहेब म्हणाले, काढायला सांगा.

त्याचा काढला, तर उद्या क्रेन आहेत,
वेल्डिंग आहे, जहाजांचे वायरलेस.
कुणाकुणाला गप्प करायचं?

अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं.
वाळूनं पिऊन टाकलं.
इथं जमिनीलाही जमीन व्हायला शिकवावं लागतं.
फरक शून्य.

मग कनेक्टर उघडला, आणि दिसली ती :
केबलची तांब्याची जाळी कुणीतरी गोळा करून, पिळून,
एका स्क्रूला बांधलेली. वेणी.
सुबक, शाळेला निघालेल्या मुलीची असते तशी.
सगळा गोंगाट तिच्याच वाटेनं आत येत होता.

सोडली. तार न तार मोकळी करून
गोल पसरली, वरून पितळी कडं आवळलं.
तासभर गेला. एका नखाखाली रक्त.

पुन्हा सव्वीस.
तीन सेकंद. मग उगाच मिनिटभर.
फक्त ती नेहमीची टिकटिक, जमिनीची, आभाळाची,
जी कुठंच थांबत नाही.
बाहेर रेडिओ चालू.

शिशाच्या डबीतली बारीकशी चकती समोर धरली.
लगेच बोललं. हळूच,
पण बोललं.

वहीत शेरा लिहिला :
वेणी घालू नये.