साडेतीन जोड्या

दोन महिने कमी पडले वयात,
म्हणून शाळेनं वर्षभरासाठी परत पाठवली.
राजनंदिनी. नाव पाटीत मावत नाही,
म्हणून तूर्त नंदू.

मी चपलांच्या वेण्या घालते. जोडीमागं पैसे,
हात थांबला की तेही थांबले.
त्यामुळं जे काय शिकायचं ते या पाटाभोवती,
कातरणाच्या ढिगात बसून.

तीन पट्ट्या. उजवी मधे, डावी मधे,
परत उजवी.
"आई, ही नंबर सोडून पुढं घुसली बघ."
नळावर उभी राहून शिकलेली असणार.

जोडी म्हणजे दोन, एवढंच मी सांगितलं.
तिनं दुपारभर घर धुंडाळलं:
कान, पैंजण, कढईच्या कड्या,
शेजारच्या अक्काताई आणि त्यांची म्हस.
मी खोडलं नाही.

ट सापडला चपलेच्या अंगठ्यात.
ठ पाण्याच्या तांब्याच्या बुडात.
क्ष अजून कुठं मिळालेला नाही,
रोज संध्याकाळी विचारते, आला का.

गंगावेशीत कट्ट्यावर दूध काढून देतात समोर.
किटली काठोकाठ, घरी आलो तर बोटभर खाली.
"सांडलं?"
नाही गं, फेस बसला. उरलं ते दूध.
तेव्हापासून मामा आला आणि
पुण्यातल्या नोकरीचं सांगायला लागला की
ही गुडघ्यावर हात ठेवून म्हणते,
थांब मामा, फेस बसूदे.

"मी येतो," म्हणते ती दार ओढताना.
गल्लीतल्या सगळ्या बायका येतो-जातोच म्हणतात, मीसुद्धा.
पण शाळेत बाई हसतील, येते म्हण म्हणतील.
मी दोन्ही शिकवलं:
हे घरातलं पायताण, ते बाहेरचं.
दोन्ही आपल्याच मापाची.
(हे लिहिताना मीही बाहेरचंच घातलंय.)

आणि भिंत.
दुधाळीतल्या घरांना पट्टी विकत घ्यावी लागत नाही,
एकोणीसच्या पुरानं रेघ मारून दिली आहे,
रंग दिला तरी वर येते.
तिच्याशेजारी पेन्सिलीच्या खुणा:
तीन वर्षांची नंदू, चारची, पाचची.
टाचा उचलू नको म्हटलं की हळूच उचलते.
"मी पाण्याएवढी कधी होणार?"
बारा-तेराव्या वर्षी होशील, मी म्हटलं.
"आणि पाणी तवर तेवढंच राहणार?"

मी दोरा ओवत होते. सुईचं भोक बारीक असतं,
बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिची बाहुली
रेघेच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं.
स्टूल ओढत नेलं होतं, फरशीवर ओरखडा.
हे मी शिकवलं नव्हतं.

आता दिवस कलला. हिशेब घालायचा.
ती चपला भिंतीकडेनं मांडते, टाचेला टाच.
"किती?"
साडेतीन जोड्या.
"साडे म्हणजे?"
अंबाबाईच्या गावात हे सांगायला सोपं जायला हवं.
पीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन,
पण त्यातलं अर्धं कसलं, ते मलाही
कुणी कधी हातात देऊन दाखवलं नाही.
अर्धी जोडी, मी म्हटलं.

तिनं ती एकटी चप्पल उचलली,
तळव्यावर ठेवली, नाकाशी नेऊन वास घेतला,
बोटानं वेणी मोजली शेवटपर्यंत.

"ही तर अख्खी आहे की."